दंतकथेचा फायदा कुणाला?

प्रिय लेखकमित्रा,

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या कादंबरीची तुझी सुरुवातीची प्रकरणं वाचली. धुकं, कडे, सीलचे आवाज, शेगडीशी बसून गोष्टी सांगणारी म्हातारी, सगळे हजर आहेत. खून झाल्यावर मात्र तीच म्हातारी एकदम गप्प का होते, हे तू कुठेच सांगत नाहीस. दंतकथा नाटकातल्या पडद्यासारख्या मागे लोंबत राहिल्या आहेत. रहस्यकथेत त्यांना काम हवं. गोष्ट कोण सांगतं, कुठल्या वेळी सांगतं आणि ती खरी मानली तर कोण सुटतं, एवढं तुला स्वतःला ठाऊक असलं पाहिजे.

सेल्कीचीच गोष्ट घे. सीलचं कातडं उतरवून एक बाई किनाऱ्यावर येते. एक माणूस ते कातडं लपवतो, तिच्याशी लग्न करतो, मुलंबाळं होतात. पुढे कधीतरी कातडं हाती लागतं आणि ती समुद्रात निघून जाते. ही गोष्ट बहुतेकदा हळव्या सुरात सांगितली जाते, तूही तशीच सांगितली आहेस. आता ती पोलिसाच्या नजरेनं वाच. बाईला जाता येऊ नये म्हणून तिची वस्तू दडवली, वर्षानुवर्षं तिला अडकवून ठेवलं. आज कातड्याच्या जागी पासपोर्ट असेल. आणि शेवट काय, तर एके सकाळी बायको नाहीशी होते, नवरा म्हणतो ती समुद्राकडे परत गेली, आणि गाव ते ऐकून घेतं. अख्खी कादंबरी इथे पडली आहे आणि तू दोन परिच्छेदांत पुढे निघून गेलास!

तिथला आणखी एक जुना समज तुझ्या उपयोगाचा आहे: बुडणाऱ्याला वाचवू नये, नाहीतर समुद्र त्याची भरपाई वाचवणाऱ्याकडून करून घेतो. समज आता उरलेला नाही, पण एखाद्या पात्राला सोयीपुरता तो आठवू शकतो. ज्याच्यावर कसली जबाबदारी नाही असा माणूस बुडणाऱ्याकडे नुसता बघत उभा राहिला, तर स्कॉटलंडचा कायदा त्याला सहसा गुन्हेगार ठरवत नाही. या फटीत बरंच काही लपवता येईल.

दंतकथा किती लवकर तयार होते ते बघायचं असेल तर स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या फ्लॅनन बेटांचं प्रकरण वाच. डिसेंबर 1900 मध्ये तिथल्या दीपगृहावरचे तिन्ही रखवालदार नाहीसे झाले. 26 डिसेंबरला मदतीची बोट पोचली तेव्हा स्वयंपाकघर आवरलेलं होतं. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं पश्चिमेकडच्या धक्क्याची नासधूस पाहिली आणि मोठ्या लाटेनं तिघांना ओढून नेलं असावं, असा निष्कर्ष काढला. मग 1912 मध्ये एक कविता आली. टेबलावर न खाल्लेलं जेवण आणि उलटी पडलेली खुर्ची तिनं आणली, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती कविताच. तुझ्या कादंबरीतही अशी एखादी 'उलटी खुर्ची' हवी, साऱ्या बेटाला पाठ असलेली पण पंचनाम्यात नसलेली. ती पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आली, हे शोधणं म्हणजेच तुझा तपास.

यासाठी लागणारा वेळ तुला भूगोलच देतो. संशयास्पद मृत्यूची चौकशी स्कॉटलंडमध्ये प्रोक्युरेटर फिस्कल या सरकारी वकिलाच्या अखत्यारीत येते. तुझा कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, इंग्लंडचा आहे, त्याला परत पाठव. खुनाचं पथक मुख्य भूमीवरून येणार, शवविच्छेदनासाठी मृतदेह ॲबर्डीनला जाणार. फेरीबोटीला अख्खी रात्र लागते आणि दाट धुक्यात विमानं अडकतात. हा उशीर तू दोन ओळींत उरकला आहेस. उलट तिथेच रेंगाळ. अधिकारी धक्क्यावर उतरेपर्यंत गावात एक गोष्ट ठरून गेलेली असते आणि प्रत्येक साक्षीदार तीच सांगतो, जवळजवळ त्याच शब्दांत.

काही किरकोळ दुरुस्त्या. तुझे म्हातारे गेलिक बोलतात, ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर शोभेल. शेटलंडचा जुना वारसा नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन आहे. ही बेटं 1469 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण टाकली. केल्पीही काढ, तिथल्या पाणघोड्याला नगल म्हणतात आणि तो पाणचक्क्या बंद पाडतो. टेकडीखाली राहणाऱ्या ट्रो नावाच्या दंतकथेतल्या जीवांना फिडलचं वेड, ते वादकाला पळवून नेतात, तेव्हा बॅगपाइपही नको. आणि जूनच्या मध्यरात्री मिट्ट काळोखात खून? त्या दिवसांत तिथे रात्रभर संधिप्रकाश असतो, 'सिमर डिम'. खून जानेवारीत ने, किंवा जूनमध्येच ठेव आणि कुणीतरी तो पाहिला असणारच हे गृहीत धर. मला दुसरं जास्त आवडेल.

सगळं पुन्हा लिहायला बसू नकोस. म्हातारीची पहिली जबानी तेवढी नव्यानं लिही आणि पाठव. ती काय लपवते आहे, हे मला पत्रात सांगू नकोस.

तुझा,
एक जुना वाचक