बहारीनची ऑफर: सहीआधी बेसिक विचारा

तुम्ही विचारलंत, की सित्र्याच्या रिफायनरीत काम करणाऱ्या एका कंत्राटदाराची ऑफर आलीय, बायको आणि चौथीतल्या मुलीला घेऊन बहारीनला यावं का. व्हिसाचं, सीपीआरचं (इथल्या ओळखपत्राचं) सगळं सरकारी वेबसाइटवर आहे. तुमचा प्रश्न वाचून दोन रात्री मला झोप नाही, म्हणून माझं सांगतो.

आखाताच्या अरब किनाऱ्यावरचं पहिलं तेल इथेच, जबल दुखानला, 1932 साली लागलं. पण साठा लहान. रिफायनरीला लागणारं बहुतेक कच्चं तेल सौदीहून पाइपलाइनने येतं. समुद्रातल्या अबू सफा तेलक्षेत्राचं अर्धं उत्पन्न 1958 च्या करारामुळे सौदीकडून मिळतं, त्यावर सरकारची मोठी भिस्त. त्यामुळे तेलाचा भाव पडला की त्याची झळ आपल्या पगारापर्यंत येते. 2014 च्या मध्यात पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी 2016 मध्ये तिसाच्या खाली गेला. त्याच महिन्यात इथे पेट्रोल महागलं आणि मार्चमध्ये आमच्या कंत्राटाचं नूतनीकरण आलं. कंत्राट देणाऱ्या वरच्या कंपनीने दर पाडून मागितले, आमच्या मालकाने ते मान्य केले आणि तूट आमच्या पगारातून काढली. बेसिकला, म्हणजे मूळ पगाराला, हात लावला नाही. घरभाडं आणि शाळेचा भत्ता बंद. माझे एकूण 510 दिनार होते, त्यात बेसिक फक्त 280. सही करताना मी एकूण आकडाच पाहिला होता. नोकरी सोडताना मिळणारे पैसेही बेसिकवर मोजतात. तुम्ही बेसिक किती ते लिहिलेलंच नाही. आधी ते विचारा, आणि शाळेचा भत्ता करारात लिहून घ्या.

कागदांचं एकच सांगतो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. एवढ्यावरून माझ्या डिग्रीचं साक्षांकन अडलं. प्रतिज्ञापत्र, मंत्रालयाचा शिक्का, पुन्हा शिक्का, असे अडीच महिने गेले. हे निघण्याआधीच उरकून घ्या.

भत्ता गेल्यावर मी बायकोला आणि मुलाला सांगलीला पाठवलं. तो सातवीत होता. त्याच्या इथल्या शाळेत मराठी नव्हतं. सांगलीच्या शाळेने मराठी कच्चं म्हणून त्याला पुन्हा सहावीत बसवलं. गणितात वर्गात पहिला येणारा पोरगा! तो ‘ळ’ च्या जागी ‘ल’ लिहायचा, रिक्षावाल्याशी हिंदीत बोलायचा, मुलं हसायची. हे सगळं मला बायकोकडून फोनवर कळायचं. त्या हेडमास्तरांचा राग अजून गेलेला नाही. पण घरी रोज अर्धा तास मराठी घ्यायला मला कोणी अडवलं होतं?

एकटेपणाचं विचारलंत. सवय होते. शुक्रवारी कपडे धुवायचे, मनामातल्या गुदैबिया भागात जेवायचं, झोपायचं.

मी इथे राहिलो ते घराच्या कर्जासाठी, असं सगळ्यांना सांगत आलो. कर्ज 2019 मध्ये फिटलं. तरी मी गेलो नाही, आणि का गेलो नाही हे मला बायकोला आजही धड सांगता येत नाही. मुलगा आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मागच्या गणपतीत तो म्हणाला, “बाबा, त्या वर्षी तुम्ही आला असतात तरी चाललं असतं.”

बेसिक पुरेसं असेल तर कुटुंबासकट या. नसेल तर तुम्हीही येऊ नका. आणि आलात तर मुलीची बालभारतीची पुस्तकं सामानात घाला, वजन जास्त झालं तरी.