तीन बोर्ड गेले, चौथा कुठला घेऊ?

प्रश्न : दादा, उद्यमनगरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, बारशाची कार्डं असली कामं. मशीन आय5-4460 (इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर), आठ जीबी डीडीआर3 रॅम, मदरबोर्ड एच81. पहिल्या बोर्डाची यूएसबी गेली, प्रिंटर ओळखेना. दुसऱ्याचा आधी लॅनचा पोर्ट गेला, मग सगळंच. तिसरा चार महिन्यांत नो डिस्प्ले. शेजारी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, वेल्डिंग लागलं की ट्यूब मिचमिचते. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात, पण त्या आता सवयीच्या झाल्यात. दुकानदार म्हणतो, नवा एच81 साडेतीन हजारात टाकून देतो. घेऊ का, की दुसऱ्या कंपनीचा बघू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, झिणझिण्यांचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत. मी पत्र तिथूनच वाचायला घेतलं.

बोर्ड कसे मेले तो क्रम बघा. आधी यूएसबी, मग लॅन. दोन्ही बाहेरच्या वायरीची तोंडं. वेल्डिंगमुळं किंवा भिकार बोर्डामुळं मेले असते तर पहिल्या दोन्ही वेळी पोर्टापासूनच सुरुवात कशाला झाली असती? तिसरा बोर्ड अजून जवळ असेल तर पॉवर देऊन मिनिटभरानं चिपसेटवरच्या (यूएसबीसारखे पोर्ट सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिपवरच्या) छोट्या हीटसिंकला बोट लावून बघा. चटका बसला तर समजा, यूएसबीच्या वाटेनं आलेला करंट थेट आत पोचलाय. चौथ्या पिढीच्या बोर्डात यूएसबीच्या लाईनी चिपसेटलाच जातात, मध्ये अडवणारं फारसं कुणी नसतं.

झिणझिण्या येतात त्या अशा. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले दोन बारके कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथला करंट मुकाट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट दोघांच्या मधे लटकतं, म्हणजे 230 च्या निम्म्यावर, 115 व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, माणसाला झिणझिणी येण्यापुरता. पण तुमचा प्रिंटर दुसऱ्या, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवर असेल, तर यूएसबीची वायर लावताना हा फरक त्या वायरीतूनच मिटतो. कधी बारीक ठिणगीही दिसते. रोज काढ-घाल करत असाल तर रोज एक ठिणगी.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, फसून शिकलोय. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याचे दोन बोर्ड मी चार महिन्यांत बदलले आणि दोन्ही वेळा बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मीटर घेऊन स्वतः गेलो. टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड उघडला. वर तीन भोकं, आत वायरी दोनच! अर्थिंगच्या पत्तीला कधी वायर लागलेलीच नव्हती, नवी कोरी चकचकत होती. शेठ हसले. मला हसू येईना, कारण दोन बोर्डांची मजुरी मीच घेतली होती.

तेव्हा आधी वायरमन बोलवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. डिजिटल मीटर कधी कधी फसवतो, तुटक्या अर्थवरही आकडा दाखवतो, म्हणून त्याला टेस्ट लॅम्पनंही बघायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये बल्ब पूर्ण उजेडानं पेटला पाहिजे. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, तेही चांगलंच लक्षण. हे प्रयोग तुम्ही स्वतः करायचे नाहीत. आणि एक जुगाड कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा : सॉकेटमध्ये न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडायचा. झिणझिण्या थांबतात खऱ्या, पण मागं कुठं न्यूट्रल तुटला की अख्खं कॅबिनेट 230 वर येतं.

दुसरा खर्च एसएमपीएसचा. बाजूचं लेबल वाचा. वर 450 वॅट छापलेलं असतं आणि खाली 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट, आणि बोर्ड-प्रोसेसरला खरं काम या 12 व्होल्टचंच. पिवळ्या आणि काळ्या वायरीत मशीन चालू असताना 11.4 ते 12.6 च्या बाहेर आकडा गेला तर तो एसएमपीएस नव्या बोर्डाला लावूच नका. वेल्डिंगचे झटके सोसायचे तेही यालाच.

आता बोर्ड. साडेतीन हजारांचा नवा एच81 मी घेणार नाही. डबा नवा असला तरी जात जुनीच. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लग्नसराई निभावण्यापुरतं मशीन उठवायचं असेल तर नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला एच81 किंवा त्याच पिढीचा बी85 महिनाभराच्या टेस्टिंग वॉरंटीवर बघा. ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड पीसीचा बोर्ड मात्र घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच बोर्डांना 24 पिनांचा कनेक्टरच नसतो, तुमचा एसएमपीएस लागणार नाही.

दोन पैसे जास्त घालता येत असतील तर नव्या पिढीचा एच610 बोर्ड, आय3-12100 प्रोसेसर आणि डीडीआर4 रॅम. कोरलड्रॉच्या कामाला हे जोडकाम पुरून उरतं. जुनी रॅम बसणार नाही, खाचच वेगळ्या जागी असते. सॅटा केबलवर चालणारी एसएसडी डिस्क असेल तर ती चालेल. एच610 डीडीआर4 आणि डीडीआर5 अशा दोन्ही प्रकारांत येतो, तेव्हा बिलावर प्रकार लिहून घ्या. प्रोसेसरच्या नावामागं 'एफ' असेल तर नको : थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं आणि मॉनिटर काळाच राहतो. एएमडीचा रायझन प्रोसेसर चालेल का म्हणाल तर चालेल, आमच्याकडं पार्ट कुठले पटकन मिळतात एवढाच फरक.

कंपनीचं नाव विचारलंत. तीन वर्षांची वॉरंटी देणारी आणि दुरुस्तीसाठी बोर्ड कुठं जमा करायचा हे बिल करायच्या आधी सांगणारी कुठलीही. काउंटरवरच बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचं झाकण उघडून पिनांचा मोबाईलवर फोटो काढा. पिन वाकलेली निघाली तर वॉरंटी नाही, आणि ती दुकानात वाकली की तुमच्याकडं, हे नंतर कोण सांगणार?

प्रश्न : जुना बोर्ड स्वस्तात मिळतोय. पुरात बुडालेला आहे का, कसं ओळखू?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : तुम्हाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये माझ्या टेबलावर चिखलाचे बोर्ड रांगेनं होते. धुऊन, वाळवून काही चालूही झाले. असा बोर्ड वरून चकाचक दिसतो, म्हणून वरून बघायचंच नाही. बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काढा आणि तिच्या घराच्या तळाशी टॉर्च मारा. स्क्रूच्या भोकाभोवतीचं कडं हिरवट आहे का, रॅमच्या स्लॉटच्या टोकाला पिवळसर गाळ आहे का, यूएसबीच्या तोंडात आतून गंज आहे का ते बघा. यातलं एक जरी दिसलं तर फुकट दिला तरी नको. तो सहा महिने चालेल, नेमका मार्चएंडला बंद पडेल.