गावाकडचे रेशन मुंबईत घ्यावे का?

प्रश्न : सासू-सासरे पोलादपूर तालुक्यातील गावी राहतात, आम्ही दोघे आणि मुलगा घाटकोपरला. शिधापत्रिका गावचीच, प्राधान्य कुटुंबाची, आणि तिच्यावर पाचही नावे आहेत. महिन्याचे 25 किलो धान्य सासूबाई उचलतात. दोन माणसांना एवढे कशाला, आपला वाटा मुंबईत घेऊ, असे ह्यांचे म्हणणे आहे. तसे करता येते का? गावी त्यांची आबाळ तर होणार नाही ना?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : करता येते. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे पत्रिकेचा क्रमांक सांगून आणि अंगठा लावून आपण घाटकोपरच्या स्वस्त धान्य दुकानातून 15 किलो उचलू शकता आणि उरलेले 10 किलो सासूबाई गावी घेऊ शकतात. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही.

आबाळीचा प्रश्न मात्र किलोंच्या हिशेबाने सुटणारा नाही. 2011-12 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भारतात माणशी महिन्याला सुमारे 11 किलो तृणधान्य खाल्ले जात होते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला मिळतात ते माणशी 5 किलो. म्हणजे रेशन निम्मीही गरज भागवत नाही, आणि त्यात डाळ-तेल तर नसतेच. तरीही 2023 पासून मोफत झालेल्या या धान्याचा खरा उपयोग असा, की तांदळावर जाणारा पैसा तूरडाळ, गोडेतेल आणि औषधांसाठी मोकळा होतो. पावसावरच्या एका भातपिकावर चालणाऱ्या कोकणातल्या घरात आषाढ-श्रावणात कणगी तळाला जाते, नवे भात यायला अवकाश असतो आणि लावणीच्या गड्यांना जेवणही घालावे लागते. त्या दिवसांत आपल्याला जादा वाटणारे 15 किलोच घर तगवून धरतात.

म्हणून माझे मत असे, की पावसाळ्याचे महिने सगळे धान्य गावीच राहू द्यावे. इतर वेळी आपला वाटा येथे घेतलात, तर वाण्याकडे वाचलेली रक्कम गावी पाठवावी. नाहीतर बचत मुंबईत आणि काटकसर गावात, असा प्रकार होईल. शिवाय कायद्यानेच पत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असते, तेव्हा निर्णय सासूबाईंना विचारून घेतलेला बरा.

नावे कमी करून मुंबईत वेगळी पत्रिका काढण्याच्या फंदात मात्र पडू नये. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे. त्यात बसणे अवघड, आणि बसलात तरी इष्टांकात, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या लाभार्थींच्या संख्येत, जागा हवी.

शेतीकामाने बोटे झिजलेल्या वृद्धांचा अंगठा दुकानातले पॉस मशीन (अंगठ्यावरून ओळख पटवणारे यंत्र) पुष्कळदा घेत नाही. तेवढ्यावरून धान्य नाकारू नये, असे केंद्राचे 2017 चे निर्देश आहेत. दुकानदाराने ऐकले नाही, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार करावी. आपल्या तिघांची ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) राहिली असेल, तर ती घाटकोपरच्या दुकानातही होते.