कपाटातल्या कापडातून पहिला कपडा

पहिला कपडा स्वतः शिवायच्या चॅलेंजसाठी घरातलंच कापड वापरायचं ठरवलंत, फार छान. पण डिझाइन आधी ठरवू नका. आधी कापड जमिनीवर पसरा, लांबी आणि पन्हा (कापडाची रुंदी) मोजा, मग त्यात काय बसतं ते बघा.

वर्षानुवर्षं घडीत राहिलेल्या कापडाचा रंग बऱ्याचदा घडीवरच उडालेला असतो. खिडकीच्या उजेडात धरून बघा. घडीच्या जागी दोन्ही हातांनी जरा ताणून बघा. तिथे विरलेलं असेल तर तो भाग बाद. सुती कापड कापण्याआधी धुवाच. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. माझा एक कुर्ता न धुता शिवला होता, पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या. आजही वाईट वाटतं, कारण ते कापड पुन्हा मिळालं नाही.

कापड अपुरं पडतंय? उभा धागा (कापडाच्या काठाला समांतर जाणारा) सोडून आडवंतिडवं बेतू नका, कपडा अंगावर पिळवटतो. त्यापेक्षा योक (खांद्याजवळ वेगळा जोडतात तो भाग), खिसे, गळ्याची आतली पट्टी दुसऱ्या कापडाची लावा. दोन्ही कापडं साधारण एकाच वजनाची हवीत. मला तर असे जोड मुद्दाम ठेवलेले कपडेच जास्त आवडतात!

मशीनला नवी सुई लावा, मध्यम सुतीला १४ नंबरची. कापडाच्या कोपऱ्यावर चार टाके घालून बघा आणि शिवणीला दीड सेंटिमीटर मार्जिन, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, ठेवा. पहिल्या कपड्यात उसवावं लागतंच, तेव्हा मार्जिन कामी येतं.