लँडिंगच्या आधीचं रजिस्टर लग्न आणि आता पत्नीची स्पॉन्सरशिप

प्रश्न: मी कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसॉगाला राहतो. एक्स्प्रेस एंट्रीतून (कुशल कामगारांसाठीच्या योजनेतून) पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना मिळाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये लँडिंग (पीआर म्हणून पहिला प्रवेश) केलं. अर्ज केला तेव्हा अविवाहित होतो. पण साखरपुड्यानंतर जून २०२२ मध्ये आम्ही पुण्यात रजिस्टर लग्न उरकून घेतलं, पुढे व्हिसाला बरं पडेल म्हणून. विधिवत लग्न फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं. लँडिंगच्या वेळी यातलं काही सांगितलं नाही. आता पत्नीला बोलवायचं आहे. पुण्यातला एक एजंट म्हणतो, ‘फेब्रुवारीच्या लग्नाचं नवं सर्टिफिकेट काढू, जूनचं विसरा, साडेतीन लाखांत काम हमखास.’ इथे कॅनडात चांगला इमिग्रेशन वकील कसा शोधावा?

उत्तर: वकिलाकडे वळण्याआधी एजंटाचं बघू. त्याला पैसे देऊ नका आणि त्याच्या कुठल्याही फॉर्मवर सही करू नका. जूनचं लग्न लपवून फेब्रुवारीचं दाखवणं ही कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे चुकीची माहिती देणं ठरते. त्यात पत्नीवर पाच वर्षांची बंदी येऊ शकते आणि तुमचं पीआरही चौकशीत सापडू शकतं. आज तुमच्याकडे एक न सांगितलेली गोष्ट आहे. एजंटाचं ऐकलंत तर तिच्या जोडीला एक रचलेली गोष्ट येईल. पहिलीचा खुलासा करता येतो, दुसरीचा नाही.

आता मूळ अडचण. तिथल्या नियमावलीत ११७(९)(ड) असा नियम आहे. तुम्ही पीआर झालात त्या वेळी जोडीदार होता, पण त्याची माहिती न दिल्यामुळे त्याची तपासणी झाली नाही, तर तो पुढे ‘फॅमिली क्लास’मध्ये, म्हणजे स्पॉन्सर करता येणाऱ्या कुटुंबीयांच्या वर्गात, बसत नाही. मुद्दाम लपवलं की अनवधानाने राहिलं, याला इथे फारसं महत्त्व नाही. अर्ज केल्यानंतर लग्न झालं तरी लँडिंगच्या आत ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक होतं. अशा न नोंदवलेल्या कुटुंबीयांसाठी २०१९ मध्ये एक सवलत सुरू झाली. ती शरणार्थी म्हणून किंवा कुटुंबीयांनी स्पॉन्सर केल्यामुळे आलेल्यांसाठी आहे, एक्स्प्रेस एंट्रीवाल्यांसाठी नाही. ‘आधी नागरिकत्व घे, मग अर्ज कर’ असं मित्र सांगतील. नागरिकत्वाने हा नियम सुटत नाही, आणि माहिती दडवून मिळवलेलं नागरिकत्वही काढून घेता येतं.

म्हणून सगळा प्रश्न एका तारखेवर येतो: कायद्याने तुमचं लग्न कधी झालं? हा प्रश्न भारतीय कायद्याचा आहे, आणि ‘रजिस्टर लग्न’ म्हणून तुम्ही नेमकं काय केलंत ते तुमच्या पत्रात नाही. विवाह नोंदणी अधिकाऱ्यासमोर तीस दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली सह्या केल्या असतील, तर त्याच दिवशी लग्न पूर्ण झालं. पुढचे अक्षता आणि सप्तपदी हा घरचा आनंद. पण कुठलाही विधी न करता महापालिकेच्या कार्यालयातून फक्त नोंदणीचा दाखला घेतला असेल, तर चित्र वेगळं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. व्हिसासाठी आधी नोंदणी आणि नंतर समारंभ, या आपल्याकडच्या रिवाजावर न्यायालयाने त्याच निकालात नापसंती दाखवली आहे.

तेव्हा तुमच्या बाजूने मुद्दा असू शकतो. पण तो दुधारी आहे. विधी न होता तो दाखला मिळाला असेल, तर नोंदणीच्या अर्जात विधीची तारीख लिहून भटजींची सही कोणी आणली, हा प्रश्न येणारच. शिवाय त्या दाखल्यावर पत्नीने पासपोर्टमध्ये नाव बदललं का? तिने कधी व्हिजिटर व्हिसा मागितला असेल तर त्यात काय लिहिलं? तुमच्या २०२२ च्या कॅनडातल्या टॅक्स रिटर्नमध्ये वैवाहिक स्थिती काय आहे? ही सगळी कागदपत्रं एकमेकांशी ताडून बघितली जातात.

माझी सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची. लग्नाच्या वैधतेवर मी लेखी मत देऊ शकते, पण पैसे घेऊन तुमचा स्पॉन्सरशिपचा अर्ज चालवू शकत नाही. तो अधिकार तिथल्या प्रांताच्या लॉ सोसायटीच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) वकिलांना, क्युबेकच्या नोटरींना आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’च्या, म्हणजे नियामक संस्थेच्या, परवानाधारकांना आहे. पुण्यातला तो एजंट यात असेल तर त्याचं नाव कॉलेजच्या सार्वजनिक नोंदवहीत दिसेल. ‘आमचे टोरंटोचे पार्टनर सही करतील’ असं म्हणाला तर त्या पार्टनरशी स्वतः बोला.

सरळ केस असती तर परवानाधारक सल्लागार पुरला असता. तुमच्या केसला वकीलच हवा, कारण प्रकरण फेडरल कोर्टात गेलं तर सल्लागार तिथे उभा राहू शकत नाही. लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओच्या यादीत नाव आणि परवान्याची स्थिती तपासता येते. त्यांची रेफरल सेवा तीस मिनिटांपर्यंतचा पहिला सल्ला मोफत मिळवून देते. इमिग्रेशन कायद्यातले प्रमाणित विशेषज्ञ कोण, हेही तिथे कळतं. वकील मराठी आहे की पंजाबी, याने काही बिघडत नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेले ‘ओळखीचे’ मात्र टाळा.

भेटीला जाण्याआधी माहिती-अधिकाराचा अर्ज करून तुमची जुनी इमिग्रेशन फाइल मागवा, पाच डॉलर लागतात. मग वकिलाला दोन प्रश्न विचारा. ११७(९)(ड) ची किती प्रकरणं हाताळलीत? आणि मानवतेच्या आधारावर सूट मागणारी, इमिग्रेशन कायद्याच्या कलम २५ ची विनंती अर्जासोबतच जोडणार का? दुसऱ्या प्रश्नाला जो ‘आधी नकार येऊ दे, मग अपील करू’ म्हणेल, तिथून उठा. या नियमाखाली नकार आला की अपील विभागाला मानवतेचा आधार विचारात घेता येत नाही. ती विनंती सुरुवातीलाच करावी लागते. फी किती, त्यात काय काय येतं, फाइलवर काम नेमकं कोण करणार, हे करारात लिहून घ्या. निकालाची हमी देणाऱ्याशी करार करू नका.

पत्नीच्या स्पॉन्सरशिपला सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, तेव्हा ‘फंड दाखवायला’ म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर ते देऊ नका. मधल्या काळात पत्नीला भेटीसाठी व्हिजिटर व्हिसा मागायचा असेल, तर वकिलाने लग्नाची तारीख नक्की करेपर्यंत थांबा. त्या फॉर्ममध्येही ती तारीख विचारतात, आणि तिथे जे लिहाल तेच पुढे स्पॉन्सरशिपच्या फाइलला जोडलं जाईल.