परदेशी समुद्री जीव तर मोठ्या जहाजांमुळे पसरतात, मग मरीनातल्या छोट्या बोटींचा तळ साफ ठेवण्याचा एवढा आग्रह का?

तुमचा मुद्दा असा, की दूरचे जीव मालवाहू जहाजांच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला पोटात भरून घेतलेल्या, पाण्यातून येतात, मग मरीनात, म्हणजे खासगी बोटी उभ्या करायच्या छोट्या बंदरात, राहणाऱ्या दहा मीटरच्या शिडाच्या बोटीवाल्याला ‘तळ घासा, मगच निघा’ असं सांगण्यात काय अर्थ?

तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. महासागर ओलांडायची लांब उडी बहुतेक वेळा जहाजामुळेच पडते. म्नेमिऑप्सिस नावाचा पारदर्शक, जेलीसारखा जीव १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या किनाऱ्यावरून काळ्या समुद्रात पोहोचला, तो बॅलास्टच्या पाण्यातूनच, असं मानलं जातं. त्या दशकाच्या अखेरीस तिथली अँकोव्ही या छोट्या माशाची मासेमारी कोसळली. जास्तीची मासेमारी हे एक कारण होतंच, पण या जीवाचा वाटाही मोठा होता. बॅलास्टच्या पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि २०१७ साली लागू झाला. तेव्हा त्या दारावर आता थोडाफार पहारा आहे.

राहिलेलं अर्धं मात्र तुमच्या बोटीच्या बुडाशी आहे. जहाज परका जीव एका बंदरात आणून सोडतं. तिथून शेजारच्या खाडीत, पुढच्या मरीनात, मग त्याच्या पुढच्या मरीनात त्याला कोण नेतं? मी काही वर्षं मरीनांमधल्या तरत्या धक्क्यांखालची वस्ती नोंदवायचं काम केलं आहे. धक्क्यावर पालथं पडायचं, हात खांद्यापर्यंत पाण्यात घालायचा आणि बुडालेले दोर वर ओढून त्यांवर काय वाढलंय ते पाहायचं. एकमेकांपासून लांब असलेल्या मरीनांत दोरावर तीच ओळखीची मंडळी भेटायची, आणि लाटरोधक बांधापलीकडच्या खडकांवर मात्र सगळं वेगळं असायचं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खरोखर हादरलो.

यामागचं कारण धक्क्याच्या रचनेत आहे. तरता धक्का भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे त्याची खालची बाजू कधीच उघडी पडत नाही. तिथे कायम सावली असते, म्हणून शेवाळाची स्पर्धा कमी. तळावर सरपटणारे खेकडे, तारामासे, शिकारी गोगलगायी यांना तिथवर चढायला वाट नसते. बांधामुळे पाणी संथ, त्यामुळे अळ्या, म्हणजे या जीवांची पाण्यात फिरणारी पिल्लं, बाहेर वाहून न जाता आतच फिरत राहतात. शिंपले, ब्रायोझोआ (पापुद्र्यासारख्या वसाहती करणारे बारीक जीव), असिडियन अशा चिकटून राहणाऱ्या जीवांना याहून चांगलं घर मिळणं कठीण. शेजारी बोटी महिनोन् महिने उभ्या असतात आणि मग एक दिवस बुडाला चिकटलेली मंडळी घेऊन निघून जातात.

असिडियनचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. पिशवीसारखा हा जीव मोठेपणी जागचा हलत नाही. त्याची बेडकाच्या पिल्लासारखी दिसणारी अळी बहुतेक जातींत काही तास, फार तर दिवसभर पोहते, नंतर कुठेतरी चिकटते. एवढ्या वेळात ती किती लांब जाणार? तरीही पूर्व आशियातला स्टायला क्लाव्हा हा असिडियन १९५३ साली इंग्लंडमध्ये प्लिमथजवळ सापडला आणि पुढे युरोपच्या किनाऱ्यावर बंदरामागून बंदर गाठत गेला. मधली अंतरं त्याला कोणीतरी आयती ओलांडून दिली असणार.

आता रंगाबद्दल, कारण ‘आमच्या बोटीला अँटिफाउलिंग रंग आहे’, म्हणजे तळावर जीव चिकटू न देणारा रंग आहे, असं मला नेहमी ऐकायला मिळतं. या रंगांत बहुधा तांबं असतं आणि ते पुष्कळ अळ्यांना दूर ठेवतं. सगळ्यांना नाही. वॉटरसिपोरा नावाचा ब्रायोझोआ तांबं सहन करतो. तो रंगावर आधी पसरतो, आणि रंगावर बसण्याची ज्यांची हिंमत झाली नसती असे जीव मग त्याच्या पाठीवर येऊन बसतात. शिवाय सुकाणूच्या बिजागऱ्या, प्रोपेलरचा दांडा, कीलची (तळाखालच्या जड पात्याची) खालची कड, पाणी आत घेणारी भोकं, बोट उचलताना पट्टे किंवा आधाराच्या फळ्या लागतात ते ठिगळ, या जागा रंगातून सुटतात. तळ आरशासारखा आणि बिजागरीत शिंपल्यांची मूठ, हे मी अनेकदा पाहिलंय.

एकदा जीव बसला की काय करावं लागतं, ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये दिसलं. मार्च १९९९ मध्ये तिथल्या एका मरीनात कॅरिबियन भागातला काळ्या पट्ट्यांचा शिंपला पाणबुड्यांना दाट थरांनी पसरलेला दिसला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. संशय एखाद्या प्रवासी बोटीवर होता. हा शिंपला महिनाभरातच प्रजननक्षम होऊ शकतो, त्यामुळे वेळ अजिबात नव्हता. तीन मरीना बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडलं, आतलं जवळजवळ सगळं जीवन मारलं आणि बाहेर पडलेल्या बोटी शोधून तपासल्या. खर्च सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. शिंपला संपला, पण त्यामागे एक योगायोग होता. डार्विनची भरती प्रचंड असल्याने त्या मरीनांना दरवाजे आहेत, पाणी कोंडता येतं. बहुतेक मरीना उघड्या असतात.

वेल्समधल्या होलीहेडची गोष्ट उलट आहे. तिथल्या मरीनात २००८ साली डिडेम्नम व्हेक्सिलम सापडला. हा वसाहतीने वाढणारा असिडियन वितळलेल्या मेणासारखा दोरांवरून लोंबतो आणि शिंपल्यांची शेती गुदमरवू शकतो. धक्क्यांना खालून प्लास्टिकची वेष्टणं घालून त्याचा श्वास कोंडला, खूप मेहनत घेतली. २०१० मध्ये तो पुन्हा दिसला. त्याचा तुटलेला तुकडासुद्धा नव्या जागी चिकटून वाढू शकतो.

म्हणूनच उभी बोट पाण्यातच खरवडणं मला पटत नाही. तुकडे आणि अळ्या तिथेच सांडतात. बोट बाहेर काढा, जमिनीवर साफ करा, निघालेला कचरा गोळा करा, तो समुद्रात परत ढकलू नका. आणि हे निघण्यापूर्वी करा, पोहोचल्यावर नव्हे, कारण अचानक नव्या पाण्यात आल्यानेच कधी कधी जीव अंडी सोडतात. नांगराची साखळी, फेंडर (बोटीच्या कडेला लटकवलेल्या, आदळआपट झेलणाऱ्या उशा), बरेच दिवस पाण्यात राहिलेले दोर, छोट्या होडीचा तळ, सगळं गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. एकदोन दिवस वाळवून भागत नाही, शिंपले कवच मिटून त्याहून जास्त काळ तग धरतात. तांब्याच्या रंगाला शक्ती असते ती ठरावीक काळापुरती, तेव्हा बोट वर्षभर उभी राहिली असेल तर ‘रंग आहे’ यावर विसंबू नका.

धक्क्याच्या दोरावर पूर्वी न पाहिलेलं काही दिसलं तर लगेच ओरबाडू नका. नाणं किंवा किल्ली शेजारी धरून फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, मरीनाच्या कार्यालयाला आणि त्या भागातल्या सागरी संशोधकांना पाठवा. आणि पुढच्या वेळी बोट वर काढाल तेव्हा सुकाणूच्या बिजागरीत आधी हाताचं बोट घालून पाहा.