विळीची धार टिकते, मग सुरीची चार दिवसांत का जाते?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळच्या बाजारातून घेतलेली स्टीलची सुरी गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडून पाजवून घेतली. दोन दिवस टोमॅटो छान चिरला गेला, चौथ्या दिवशी चेपायला लागला. घरातली जुनी विळी मात्र महिनोन्‌महिने चालते. तर सुरीचं स्टीलच खराब निघालं का?

स्टीलचा थोडा वाटा आहे, पण इतक्या लवकर धार गेली तर पहिला संशय धार लावण्याच्या पद्धतीवर घ्यावा. धारवाल्याचं चाक भरड असतं. त्यावर सुरी एका अंगाने घासली की अतिशय पातळ असा धातूचा काठ दुसऱ्या अंगाला वळून उभा राहतो. कारखान्यात त्याला बर म्हणतात. हा काठ ब्लेडसारखा कापतो, म्हणून हातात आल्या आल्या सुरी भलतीच धारदार वाटते. पण तो मुळाशीच कमकुवत असतो. थोड्या वापरात आडवा पडतो, नाहीतर तुकड्यातुकड्यांनी झडतो, आणि खाली उरते ती बोथट कड. म्हणजे टिकेल अशी धार त्या सुरीला कधी लागलीच नाही.

हे घरीच तपासता येतं. कापसाचा छोटा बोळा घ्या आणि पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर अलगद ओढा. दोन्ही बाजूंनी करून बघा. जिथे तंतू अडकतात तिथे बर आहे किंवा धार तुटली आहे. मग सुरी बल्बखाली धार वर करून धरा. चांगली धार प्रकाश परतवत नाही, काळी रेघ दिसते. पांढरे ठिपके चमकले तर तिथे धार वळलेली किंवा सपाट झालेली आहे. बहुतेक सुऱ्यांत हे ठिपके पोटापाशी, म्हणजे पात्याचा जो भाग पाटावर आपटतो तिथे, जास्त दिसतात.

विळीचं गुपित इथेच आहे. विळीवर भाजी धारेवरून खाली जाते, धार भाजीशिवाय कशालाच लागत नाही. सुरी मात्र प्रत्येक कापाला खालच्या पृष्ठभागावर आदळते. खाली स्टीलचं ताट, ग्रॅनाइटचा ओटा किंवा काचेचा बोर्ड असेल तर काही मिनिटांतच धार वळते. ग्रॅनाइटमधले खनिज कण सुरीच्या पोलादाहून कठीण असतात, काचेवर धार घसरते आणि चेपते. पाट लाकडाचा किंवा जाड प्लॅस्टिकचा घ्या. आंब्याच्या लाकडाचा पाट चांगला. सागाचा दिसायला देखणा, पण सागात वाळूच्याच जातीचे सूक्ष्म कण असतात, धार लवकर मरते. बांबूचा बोर्डही तसाच कडक. आणि चिरलेली भाजी गोळा करायला धारेने पाट खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने ओढा. ही एक सवय मोडली तरी धार कितीतरी जास्त दिवस राहते.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, माती. पातीचा कांदा, मुळा, रताळी, ओली हळद, तापी-गिरणेच्या पात्रातली टरबुजं, या सगळ्यांच्या सालीला माती किंवा रेती चिकटलेली असते. रेतीचा कण पोलादाला सहज ओरखडा काढतो. भरिताला पातीचा कांदा चिरताना मुळाकडच्या गड्ड्यात माती लपते, तो आधी वाहत्या पाण्यात उकलून धुवा. टरबूज कापण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसा.

कैरी, लिंबू, टोमॅटोचं आंबट पाणी आणि मीठ धारेवर राहिलं तर ती सूक्ष्म गंजते, स्टेनलेस असली तरी. काम झालं की लगेच धुऊन पुसून ठेवायची. तारेची घासणी धारेवरून आडवी फिरवू नका आणि चमच्यांच्या गर्दीत सुरी टाकू नका.

आता धार लावण्याचं. धारवाल्याला नाही म्हणायची गरज नाही, फक्त पातं गरम होऊ देऊ नका म्हणून सांगा. ठिणग्या उडतात तिथे पातळ धार काही क्षणांत तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. मऊ पडलेली ती कड पुढे कितीही घासली तरी टिकत नाही, तेवढा भाग झिजवूनच काढावा लागतो. दाब कमी, पातं वारंवार पाण्यात बुडवणं, एवढं पुरे.

बर मात्र घरी काढायचा. 1000 नंबरचा पाण्याचा दगड घ्या, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा बारीक कणांचा धारेचा दगड; नंबर जितका मोठा तितका कण बारीक. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळपट दुहेरी दगड बहुधा फार भरड असतो, तो मोडलेली धार सरळ करण्यापुरता ठीक. दगड 10-15 मिनिटं पाण्यात भिजवा, खाली ओलं फडकं टाका. पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश उचला: 3 सेंमी रुंद पात्याला साधारण 1 सेंमी. हा कोन सुमारे 20 अंश होतो. कोन सांभाळला जातोय का हे कळायला धारेच्या उतारावर मार्करने रंग लावा. चार-पाच हात मारल्यावर रंग नेमका कडेवरचा गेला पाहिजे. वरचाच गेला तर पाठ थोडी उचला.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला टाचेपासून (मुठीकडच्या कडेपासून) टोकापर्यंत खरखर बोटाला लागेपर्यंत. मग बाजू बदला. इथे बहुतेक लोक थांबतात आणि तिथेच फसतात. पुढे दाब निम्मा करून प्रत्येक बाजूने 5, मग 3, मग एक-एक हात, शेवटचे अगदी सुरीच्या स्वतःच्या वजनाने. त्यानंतर सपाट दगडावर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवून धार मागे राहील अशी, पाठीच्या दिशेने, 10 वेळा ओढा. कापूस पुन्हा फिरवा. तंतू अडकला नाही तर काम झालं.

मधल्या काळात आठवड्यातून एकदा चिनी मातीच्या बरणीच्या तळाची चकाकी नसलेली कड वापरा. त्याच कोनात, दर बाजूला पाच-सहा हलके हात. दगड मग दोन-तीन महिन्यांनीच लागतो. व्ही आकाराच्या खाचेतून सुरी ओढायचं साधन मात्र घेऊ नका. ते धातू खरवडून काढतं आणि कड खडबडीत करतं.

स्टीलबद्दल एवढंच: बाजारातल्या स्वस्त सुऱ्यांचं पोलाद मऊ असतं, त्यांना 15 अंशांची धार लावली तर ती वळणारच. त्यांना 20 अंशच द्या. 56 रॉकवेलच्या (रॉकवेल हे पोलादाच्या कडकपणाचं माप) पुढचं पोलाद असेल तर 15-17 अंश चालतात.

आणि शेवभाजीच्या वाटणासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी फोडताना, गुळाची ढेप टोकरताना ही सुरी वापरू नका. पातं आत अडकलं की आपण ते नकळत पिळतो आणि धार चंद्रकोरीसारखी तुटते. या कामांना जुनी जाड सुरी वेगळी ठेवा, तिला 25 अंशांची धार द्या, म्हणजे पाठ पात्याच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा थोडी कमी उचला.